स्मरांदाला खेळ लागतो

स्मरांदा कोझ्माला लहानपणापासून गाडी लागायची. बस डेपोतून हलायचीही गरज नसे, नुसतं इंजिन घरघरलं की पोरीचा चेहरा पांढरा पडायचा. डोंगरातल्या आजोळी जायचं ठरलं की आईच्या पर्समध्ये तिकिटांच्या आधी पिशव्या जात. मामेभावंडं तर तिला 'पिशवी' म्हणूनच हाक मारत. लग्नाच्या वऱ्हाडात ड्रायव्हरशेजारची जागा तिची ठरलेली, आणि तो काही मान नव्हे हे तिला फार लवकर कळलं होतं. अशा बाईला पुढे आयुष्यात खरोखरचा मान मिळाला, आणि तोही उलटीपायी, असं सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. पण आमच्या क्रायोव्हा शहरात हे घडलंय.

टिबेरियूचा व्हिडिओ गेमचा स्टुडिओ म्हणजे जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचा एक फ्लॅट. स्मरांदा तिथे गेली ती ग्राहकांच्या तक्रारींना गोड शब्दांत उत्तरं लिहायच्या नोकरीसाठी. पहिलीच तक्रार अशी होती, की तुमच्या किल्ल्याच्या जिन्यात माझं दुपारचं जेवण बाहेर आलं. टिबेरियू म्हणाला, हा माणूस खोटं बोलतोय की खरं, तूच खेळून बघ. आता या खेळात काय होतं, तर खेळणाऱ्याला स्वतःचे फक्त हात दिसतात. डोळे त्याचेच, चाल त्याचीच, आणि धावताना हिंदकळणारं जगही त्याच्याच डोळ्यांपुढचं. अंग मात्र खुर्चीत गप्प बसलेलं. डोळे म्हणतात पळतोय, पोट म्हणतं बसलोय, आणि त्या भांडणात बिचाऱ्या माणसाचं जेवण जातं. स्मरांदा जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत पोचली आणि तिने टिबेरियूच्या लाडक्या रबराच्या झाडाची कुंडी जवळ ओढली.

नोकरी गेली असं समजून ती डोळे पुसत कोट शोधायला लागली. टिबेरियूने तिला दारातून परत आणलं. त्याला आनंद लपवता येत नव्हता. ज्या खेळाने हिला काही होणार नाही, त्याने देशात कोणालाच काही होणार नाही, असं त्याचं गणित. त्या दिवसापासून स्टुडिओचा नियम ठरला: स्मरांदाचं पोट टिकलं तर खेळ बाहेर, नाहीतर पुन्हा दुरुस्तीला. तिच्या खुर्चीशेजारी एक निळी बादली आली. लोक तिची तब्येत विचारू लागले, आणि जिला जन्मभर सगळ्यांनी पुढच्या सीटवर ढकललं, तिच्या एका ढेकरेवर चार-चार माणसं कागद-पेन्सिल घेऊन धावू लागली.

सगळ्यांत जास्त धावायचा तो होरिया. खेळणाऱ्याचे डोळे कसे वळतील, पावलागणिक किती डुलतील, हे सगळं होरिया बसवायचा. चाळिशीतला, अबोल, उजवं कोपर नीट न वळणारा माणूस. स्मरांदा तोंड धुऊन आली की तो हळूच विचारायचा, कुठे सुरू झालं, दारात की वळणावर, आधी डोकं की आधी पोट. मग तो पडद्याच्या मधोमध एक बारीक पांढरा ठिपका ठेवायचा, नजरेला धरायला काहीतरी असावं म्हणून. चालतानाचं डुलणं काढून टाकायचा. तिने स्वतःही काही युक्त्या शोधल्या होत्या. पडद्यापासून जरा लांब बसायचं, दिवा चालू ठेवायचा, आणि जांभई आली की माउस सोडायचा, कारण उलटी येते ती जांभईला पुढे पाठवून. आईने दिलेली, कोबी मुरवायच्या पिंपातल्या आंबट-खाऱ्या पाण्याची बाटलीही टेबलावर असायची. त्या पाण्याने आमच्याकडे दारू उतरते, ताप उतरतो, आणि आयांच्या मते प्रेमभंगसुद्धा बरा होतो.

त्याच खोलीत टिबेरियूची मावशी बसायची, लुक्रेत्सियामावशी. स्टुडिओचे हिशेब त्यांच्याकडे, आणि खिडक्याही त्यांच्याकडेच. खोलीला दोन समोरासमोरच्या खिडक्या, एक अंगणाकडे, एक रस्त्याकडे, आणि दोन्ही बारा महिने बंद. आमच्याकडे माणूस युद्धातून परत येतो, पण आरपार वाऱ्यातून वाचत नाही, अशी पक्की समजूत. दोन खिडक्या एकदम उघडल्या की मान धरते, कान जातो, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं गारठतात. मावशींचे कोणीतरी चुलते अशाच झोतात बसून गेले होते. बाई वाईट नव्हती, उलट काळजीनेच अर्धी झालेली असायची. स्मरांदाने एकदा तोंडावर वारा यावा म्हणून छोटा पंखा आणला, तर मावशींनी तो स्वतःच्या हाताने कपाटात ठेवला आणि तिच्या गळ्यात लोकरीचा रुमाल बांधला. दुपारी मावशी टेबलावरच लसणाचं, व्हिनेगर घातलेलं आतड्यांचं सूप गरम करून प्यायच्या. त्यानंतर स्मरांदाची खेळाची वेळ.

अशी चार वर्षं गेली, आणि एका शरदात मावशी गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेल्या. निघताना त्यांनी दोन्ही खिडक्यांच्या कड्या तपासल्या. त्यांची बस गेली असेल-नसेल, होरियाने दोन्ही उघडल्या.

नवा खेळ होता मिठाच्या खाणीचा. अरुंद वाटा, माणसांना दोरावरून वर-खाली नेणारे पाळणे, अंधारात हलणारा कंदील. स्मरांदाने बादली पायाशी घेतली, कोबीच्या पाण्याचा घोट घेतला आणि ती खाली उतरली. पहिला पाळणा गेला. दुसरा गेला. कंदील डोलत होता, वाट वळत होती, आणि ती ठरलेल्या पाहुण्याची वाट बघावी तशी जांभईची वाट बघत होती. जांभई आलीच नाही. ती खाणीच्या तळाशी पोचली, भूमिगत तलाव ओलांडून पलीकडे चढली, आणि पडद्यावर शेवटची अक्षरं आली. चार वर्षांत दुरुस्तीशिवाय तिने एकाही खेळाचा शेवट पाहिला नव्हता.

ज्याला कधी गाडी लागलीच नाही, त्याला हा धक्का समजायचा नाही. ती स्वतःचं पोट चाचपत बसली, जणू कोणीतरी ते बदलून नेलं होतं. बाकीचे टाळ्या वाजवत होते. टिबेरियू म्हणाला, खेळ पास. आणि स्मरांदाच्या पायाखालची वाळू सरकली, कारण तिला एकच दिसत होतं: ती बरी झाली होती. आणि बऱ्या झालेल्या स्मरांदाचं इथे काय काम?

मावशी झऱ्यांवरून परत आल्या, गुलाबी होऊन, सगळ्यांसाठी पाकातल्या अक्रोडांची बरणी घेऊन. आल्या-आल्या त्यांनी किंकाळी दाबली आणि खिडक्या लावल्या. दुपारी सूप झालं. टिबेरियूने कोणा पाहुण्यांना दाखवायला म्हणून स्मरांदाला तीच खाण पुन्हा खेळायला बसवलं. पहिल्याच पाळण्यात जांभई आली. दुसऱ्यात तिने बादली धरली.

पाहुणे आ वासून बघत राहिले. टिबेरियूने हसून वेळ निभावली, सकाळी काहीतरी वावगं खाल्लं असेल म्हणाला. स्मरांदा मात्र तोंड धुताना आरशात स्वतःकडे बघतच राहिली. तोच खेळ, तेच पाळणे, तीच बाई. दोन-तीन दिवसांनी मावशी कर भरायला गेल्या आणि बाकीचे जेवायला, तेव्हा तिने एकटीने अंगणाकडची खिडकी उघडली आणि खाणीत उतरली. काही झालं नाही. खिडकी लावली, खोली कोंदट होईपर्यंत थांबली, पुन्हा उतरली. दुसऱ्या पाळण्यात घाम फुटला. पुन्हा उघडली, चेहऱ्यावर गार वारा आला, आणि पोट गुमान जागेवर बसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. खेळ गरगरवत होताच, नाही असं नाही, पण उरलेलं अर्धं काम ती बंद खोली आणि ते सूप करत होतं. चार वर्षं हे सगळे तिचं पोट मोजतोय असं समजून मावशींची खिडकी मोजत होते.

तिला हसू यायला हवं होतं. आधी आलंही. मग तिला घोडी आठवली.

घोडी होरियाची होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी जुन्या काळच्या टपालस्वाराचा खेळ केला, तेव्हा त्याने अख्खा हिवाळा त्या एका दौडीवर घालवला होता. तो एका घोड्यांच्या गावी जाऊन राहिला, टापांचे आवाज टिपले, स्वतः चढला, पडला, आणि ते कोपर तेव्हाच मोडून घेतलं. दान्यूब नदीच्या काठच्या उंच गवतातून भल्या पहाटे घोडी सुटते आणि खेळणाऱ्याला फक्त तिचे कान दिसतात आणि पुढे दुभंगणारं गवत. स्मरांदाने ते गवत फार वेळ पाहिलंच नव्हतं. तीनदा खेळली, तिन्हीदा बादली. टिबेरियूने दौड काढून टाकली. होरिया तेव्हा एवढंच म्हणाला होता, ठीक आहे, पायी जाऊ दे त्याला. खेळ बाजारात आला, आणि टपालस्वार पायी चालताना बघून लोकांना जांभया आल्या, पण त्या वेगळ्या. त्यानंतर होरियाने नवीन काही मागितलं नाही. सांगतील ती दारं बसवायचा, सांगतील तो जिना.

आता हे कोणाला सांगायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर होरियाला कळणार की त्याची घोडी एका कडीपायी मेली, आणि टिबेरियूला कळणार की त्याने चार वर्षं एका खिडकीला पगार दिला. नाही सांगितलं तर तिची खुर्ची, तिची बादली, तिचा मान सगळं जागच्या जागी. ती गप्प राहिली. घरी आईने विचारलं, तोंड का उतरलंय, तर म्हणाली, काही नाही, कामावर लागलं जरा. हे मात्र खरंच होतं.

गप्प राहण्याचे ते दिवस होरियानेच संपवले. एका सकाळी तो चीजच्या गरम पुऱ्यांचं भांडं घेऊन आला. आमच्याकडे सोडून जाणाराच बाकीच्यांना खायला घालतो, त्यामुळे भांडं बघूनच सगळ्यांना कळलं. फरशा विकणाऱ्या एकाकडे तो जाणार होता, गिऱ्हाइकांना त्यांची न्हाणीघरं संगणकावर आधीच दाखवायचं काम. तिथे काही धावत नाही, म्हणाला, आणि हसला. टिबेरियूने मोठ्याने पाठ थोपटली. मावशींनी डोळे टिपले. 

स्मरांदाने पुरी खाली ठेवली. "होरिया, घोडी अजून आहे तुझ्याकडे?"

असेल कुठेतरी, तो म्हणाला. का?

"काढ. मला बसायचंय."

त्याने काढली, का ते न विचारता. तिने बादली ओढली, आणि बसायच्या आधी अंगणाकडची खिडकी सताड उघडली. एकच. दोन्ही उघडायची तिची छाती झाली नाही. मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तशाच राहिल्या.

घोडी गवतात सुटली. कान मागे गेले, गवत फाटत गेलं, टापा कानात घुमल्या. स्मरांदाचं पोट शांत होतं. ज्या ओढ्याशी तिने दर वेळी बादली धरली होती, तो ओढा आला आणि घोडीने त्यावरून उडी घेतली. पलीकडे काय आहे हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. पलीकडे नदी होती, अख्खी, धुक्यात, आणि पाणपक्षी एकदम उठले. खोलीत कोणी चघळत होतं ते थांबलं. स्मरांदा रडत होती, पण माउस तिने सोडला नाही. दौड संपेपर्यंत ती गेली, आणि मग मान न वळवता तिने सगळं सांगून टाकलं. खाण, कडी, सूप, बंद खोली, एकटीने दुपारी केलेली पारख, सगळं.

 टिबेरियूचा चेहरा असा झाला, जणू त्याला कोणीतरी झोपेतून उठवून त्याचंच घर परकं आहे म्हणून सांगितलंय. तो म्हणाला, म्हणजे तेव्हा घोडी चांगली होती? आणि जरा थांबून, हसल्यासारखं करत, "मग आम्ही तुला ठेवली तरी कशाला?"

त्याने थट्टेने म्हटलं असेल. टिबेरियू दुष्ट माणूस नाही, फक्त त्याची जीभ डोक्याच्या पुढे धावते. पण स्मरांदाला ते आतड्यापर्यंत लागलं. ती उठून कोट घ्यायला निघाली.

होरिया इतका वेळ भिंतीशी उभा होता. त्याचे ओठ पांढरे झाले होते. ती समोर आली तेव्हा तो बाजूला झाला नाही. ती थांबली तसा तो खिडकीकडे गेला आणि त्याने ती लावली, कडीसकट. मग म्हणाला, मावशी, सूप असेल तर गरम करा.

"पुन्हा बस," तो स्मरांदाला म्हणाला.

मावशींनी खरंच सूप गरम केलं. खोलीत लसूण दाटला. काचा धुरकटल्या. स्मरांदा पुन्हा घोडीवर बसली, आणि गवत दुभंगायला लागलं तशी जांभई आली, मग दुसरी, आणि ओढा दिसायच्या आतच ती बादलीसकट न्हाणीघरात पळाली.

तोंड धुऊन ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. दाराबाहेर होरिया पाण्याचा पेला घेऊन बसल्याचं तिला फटीतून दिसत होतं.  ती म्हणाली, एका पूर्ण हिवाळ्याचं काम होतं तुझं, तू मला शिव्या दे, मी ऐकून घेते. त्याने मान हलवली.

"मी चार वर्षं तुला विचारलं, कुठे लागलं. काय-काय लागलं हे विचारायला हवं होतं. चूक माझी होती." मग तो म्हणाला, "खिडकी उघडी तर नदीपर्यंत, बंद तर ओढ्याच्या अलीकडे. दोन्ही सांगू शकेल असं दुसरं कोणी आहे का या गावात? ऊठ. तुझ्याशिवाय मला घोडी पुन्हा बसवता यायची नाही."

ती बाहेर आली तेव्हा टिबेरियू खाली मान घालून उभा होता. आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलं होतं. माफी त्याला मागता येत नाही, त्याने पुऱ्यांचं भांडं तिच्यापुढे धरलं. मग तो लगेच धंद्यावर आला. घोडी नव्या खेळात घालू म्हणाला, होरियाला फरशीवाल्यापेक्षा बरा पगार देऊ म्हणाला, पण लोकांच्या घरच्या खिडक्यांचं काय? या देशात प्रत्येक घरात एक मावशी आहे, असं तो म्हणाला आणि जीभ चावली.

होरिया म्हणाला, लिहायचं. दौडीच्या आधी पडद्यावर सरळ लिहायचं, घोडीवर बसण्यापूर्वी खिडकी उघडा. टिबेरियूने हात डोक्याला लावला. खेळ म्हणतो म्हणून खिडकी उघडणारा माणूस आमच्या देशात अजून जन्मायचाय, असं त्याचं मत.

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मघाच्या वाऱ्याच्या धास्तीने त्या कोट घालून, टोपी कानांपर्यंत ओढून बसल्या होत्या. सूपाची वाटी तशीच गार झाली होती. 

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण खाली हेही लिहा, की अंगावर गरम काहीतरी घ्या."

टिबेरियू आधी हसला, मग त्याने ते लिहून घेतलं. होरिया फोन घेऊन अंगणात गेला, फरशीवाल्याला काय सांगायचं ते जुळवत. मावशी उठून स्मरांदाच्या खुर्चीपाशी आल्या. त्यांनी तिच्या गळ्यातला रुमाल सैल केला, तोच रुमाल जो त्यांनी स्वतः बांधला होता.

"चार वर्षं, पोरी? एकदा तरी बोलायचंस की श्वास कोंडतोय."

स्मरांदा म्हणाली, "मला लहानपणापासून वाटत आलंय मावशी, की खोट माझ्यातच आहे."

 मावशींनी अंगणाकडच्या खिडकीची कडी काढली. वारा आत आला. त्यांनी कोटाची कॉलर वर केली, खोली ओलांडून रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेल्या, आणि जन्मात पहिल्यांदा तीही उघडली.